नळीवरचा आकडा

हवालदाराने ती रायफल गोणपाटात बांधून आणली होती, आणि गोणपाट सोडताना त्याने तोंड बाजूला केलं. एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्याने काय काय पाहिलं असेल, तरीही.

"मोजणीदाराची आहे," तो म्हणाला. "उजवा डोळा गेला. गाल शिवलाय, पण बोलता येत नाही अजून. साहेबांना सोमवारपर्यंत लेखी पाहिजे. चूक कुणाची ते."

तिने रायफल टेबलावर घेतली. चव्वेचाळीस वर्षांची बाई, केस पांढरे व्हायला लागलेले, पण अख्खं गाव तिला अजून 'मिस्त्रींची पोर'च म्हणत असे. मिस्त्री म्हणजे तिचे वडील. बंदुका दुरुस्त करायचं हे दुकान त्यांनी उभं केलं, तिला हातात कानस धरायला शिकवलं, आणि डोळे अधू झाल्यावर लेथ तिच्या ताब्यात देऊन ते माडीवर जाऊन बसले. बंदूक कुठलीही असो, मिस्त्रींच्या हाताखालून गेली म्हणजे काळजी नाही, असं लोक म्हणत. ती ते ऐकतच मोठी झाली होती.

बोल्टाची, म्हणजे काडतुसामागे बसणाऱ्या लोखंडी दांड्याची, एक बाजू फाटून उमललेली होती. दस्ता उभा चिरला होता आणि त्याच्या लाकडात काहीतरी काळपट वाळून बसलं होतं. ते काय आहे याचा तिने विचार केला नाही. नळी मात्र शाबूत होती. हवालदाराने खिशातून कागदाची पुडी काढली आणि फाटलेली पितळी पुंगळी तिच्या तळहातावर ठेवली.

"अकरा झाडली म्हणे आधी. काही झालं नाही. बाराव्याला हे."

तिने पुंगळी भिंगाखाली धरली. तिच्या बुडावर ठोकलेला आकडा आणि नळीवर कोरलेला आकडा एकच होता. म्हणजे दुकानदाराने योग्य काडतूस दिलं होतं आणि मोजणीदाराने योग्य तेच भरलं होतं. कुठेच काही चुकलेलं नव्हतं, आणि एका माणसाचा डोळा गेला होता.

"बघते," ती म्हणाली. "सोमवारी या."

तो गेल्यावर तिने दुकानाचं दार लोटून घेतलं. नळीत चिंधीचा बोळा बसवला, गंधक वितळवून काडतूस बसतं त्या पोकळीत, म्हणजे कोठीत, ओतला आणि निवायची वाट बघत बसली. निवल्यावर नळीच्या तोंडाकडून हलकेच ठोकला, तशी पिवळी कांडी अलगद बाहेर आली. कोठीचा हुबेहूब ठसा. तिने माप घेतलं. पुन्हा घेतलं. मग हात पुसून तिसऱ्यांदा घेतलं.

कोठी लांब होती. फार नाही, काडेपेटीतल्या काडीच्या जाडीएवढी. पण तेवढ्याने ती नळीवर लिहिलेल्या आखूड काडतुसाची राहिली नव्हती. दुसऱ्याच, लांब काडतुसाची झाली होती. दोघांचं बूड सारखं, गोळी सारखी, डब्यातून काढून शेजारी ठेवली तर नवख्याला ओळखू येणार नाहीत इतकी भावंडं. काडतूस कोठीत खांद्यावर, म्हणजे ते पुढे निमुळतं होतं तिथे, टेकून बसावं लागतं. आखूड काडतूस लांब कोठीत टेकत नाही, अधांतरी राहतं. बोल्टाची नखी त्याचं बूड धरून ठेवते, म्हणून ते उडतं, आणि उडतं म्हणून माणसाला वाटतं, चालतंय. प्रत्येक वेळी पितळ पुढे ताणलं जातं. एखादं पितळ जरा कडक निघालं की बुडाशी फाटतं, आणि आतली आग पुढे जायच्या ऐवजी मागे येते. मागे नेम धरणाऱ्याचा डोळा असतो.

हे कळल्यावर तिला खरं तर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण कांडीच्या खांद्यावर केसाएवढी बारीक एक कड उठलेली तिला दिसली. कोठी कोरणाऱ्या हत्याराचा दात तुटका असला की अशी कड उठते. ती उठली, भिंतीजवळच्या कपाटाचा खालचा खण ओढला, आणि तेलकट फडक्यातलं हत्यार काढून त्याच्या दातांवरून अंगठा फिरवला. तिसऱ्या दाताचं टोक उडालेलं होतं. तिला ते लहानपणापासून माहीत होतं. तेव्हा तिनेच ते फरशीवर पाडलं होतं.

माडीवर मिस्त्री खिडकीशी बसून अक्रोडाच्या लाकडाचा एक तुकडा घासत होते. तिने कांडी त्यांच्यासमोर ठेवली. त्यांचा हात थांबला. चष्मा शोधायची त्यांना गरज पडली नाही.

"कुणाची?"

"मोजणीदाराची. त्याआधी पोस्टमास्तरांची होती."

"हं."

"बाबा, अशा किती कोरल्यात?"

"चार."

"का?"

"तेव्हा आखूड काडतूस यायचंच बंद झालं होतं. कारखाना बंद पडला. लोकांच्या चांगल्या चांगल्या रायफली भिंतीवर लटकून गंजत होत्या. लांब मात्र हवं तेवढं मिळायचं. एवढीशी कोठी कोरली की काम झालं."

"मग नळीवर नवा आकडा का नाही ठोकला?"

"परवान्यावर जुना आकडा. नवा ठोकला की परवाना रद्द, नवा अर्ज, दोन वर्षं हेलपाटे. लोक म्हणाले, मिस्त्री, राहू द्या. मी राहू दिलं." त्यांनी लाकूड उगाचच उलटं करून पाहिलं. "पण प्रत्येकाला बजावून सांगितलं होतं. हिच्यात लांबच घालायचं म्हणून."

"पोस्टमास्तर वारले. तुमचं बजावणं त्यांच्याबरोबर गेलं. आणि गेल्या वर्षापासून आखूड पुन्हा बाजारात आलंय."

"ठाऊक आहे."

तिला त्या दोन शब्दांनी जेवढं हादरवलं तेवढं कांडीने हादरवलं नव्हतं. ठाऊक होतं. वर्षभर ठाऊक होतं, आणि ते इथे बसून लाकूड घासत होते.

"लिही की बोल्ट थकला होता," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "लोखंड थकतं. कुणाला खोटं वाटणार नाही. बाकीच्या आपण गुपचूप आणून घेऊ."

आधी रायफली, मग कागद, असं तिने मनाशी ठरवलं. ठरवलं म्हणजे काय, निर्णय पुढे ढकलला. ठाण्यावरून फोन आला तेव्हा "काम चाललंय" एवढंच सांगून तिने तो ठेवला, आणि आपला आवाज इतका शांत कसा निघाला याचं तिलाच आश्चर्य वाटलं.

बाकीच्या तिघांची नावं बाबांकडून घेऊन शुक्रवारी ती आधी गुरांच्या डॉक्टरांकडे गेली. जखमी जनावराला वेदनेतून सोडवायला त्यांना रायफल लागायची. इतकी वर्षं जुन्या साठ्यातली लांब काडतुसं पुरली होती, ती गेल्याच महिन्यात संपली. फळीवर औषधांच्या बाटल्यांशेजारी नवाकोरा डबा होता. आखूड.

"बरं झालं आलात," डॉक्टर म्हणाले आणि बोलता बोलता त्यांनी डब्याच्या सीलखाली नख घातलं. "दुपारी एका घोडीकडे जायचंय. पाय मोडलाय बिचारीचा."

"आज इंजेक्शन द्या तिला," ती म्हणाली. तिचा आवाज जरा चढला होता. "बोल्ट तपासायचाय. रायफल मी नेते."

"एवढी घाई?"

"एवढीच."

रायफल खांद्याला अडकवून ती बाहेर पडली. दुपारपर्यंत ती आली नसती तर?

पाववाल्याची रायफल पिठाच्या पोत्यांवर खिळ्याला टांगलेली होती. वीस वर्षांत कुणी हात लावला नव्हता. बोल्ट गंजून जागच्या जागी धरला होता. "हिला उंदीरसुद्धा घाबरत नाहीत, घेऊन जा," तो हसून म्हणाला. तीही हसली. त्या आठवड्यात हसली ती तेवढंच.

शनिवारी लाकडाच्या ठेकेदाराचं घर गाठलं. ठेकेदार वारून तीन वर्षं झालेली. सून दारातच उभी राहिली, ओल्या हाताने.

"ती लाल पट्ट्याची बंदूक? ती तर विकली आम्ही. मुलं खेळायला घ्यायची, मला भीती वाटायची. एक ट्रकवाला थांबला होता पाणी प्यायला, त्याने मागितली."

"कुठला ट्रकवाला? नाव? कागद?"

"कागद कसले हो? पाणी प्यायला थांबलेला माणूस तो."

तिथून परतताना प्रत्येक येणाऱ्या ट्रकच्या काचेतून ती आत बघत होती.

रविवारी सकाळी ती दुकानात कोऱ्या कागदासमोर बसली असताना जिन्यावर पावलं वाजली. मिस्त्री कधी खाली उतरत नसत; गुडघा धड नव्हता. ते कठड्याला धरून शेवटच्या पायरीवर थांबले. अंगात बाहेर जायचा कोट होता.

"पाचवी आहे," ते म्हणाले.

तिने पेन खाली ठेवलं.

"माझी स्वतःची. धाकट्याकडे."

धाकटा म्हणजे तिचा भाऊ. नऊ वर्षांपूर्वी त्याने दुकानात बसायला साफ नकार दिला, वर डोंगरात फळबाग घेतली, आणि ज्या दिवशी सामान घेऊन निघाला त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं बंद झालं. निघताना मिस्त्रींनी आपली रायफल आणि काडतुसांचा एक डबा त्याच्या गाडीच्या सीटवर नेऊन ठेवला होता. ते तिने पाहिलं होतं, आणि बाबांचा राग तेवढ्यापुरता विरघळला असं तिला वाटलं होतं.

"त्याला सांगितलं नाहीत?"

"बोलत कुठे होतो आम्ही?" त्यांचा आवाज चिरका झाला. "डब्यात लांबच होती. म्हटलं, संपली की मागायला येईल. तेव्हा सांगू."

तिने भावाला फोन लावला. लागला नाही, वर बागेत रेंज नसे. घरचा लावला, तो भावजयीने उचलला.

"ते बागेत गेलेत, ताई. रानडुकरांनी नुसता उच्छाद मांडलाय. परवाच शहरातून नवी काडतुसं आणली त्यांनी."

"कुठली?"

"ते मला काय कळतंय? नळीवर लिहिलंय तीच आणली म्हणाले."

"त्याला जाऊन सांग, रायफलीला हात लावू नकोस. आत्ता जा. मी निघालेय."

"अहो, पण बाग केवढी, ते कुठल्या टोकाला—" आणि फोन तुटला.

डोंगराचा रस्ता तीन तासांचा. वळणावळणाला मिस्त्रींचा हात डॅशबोर्डवर घट्ट बसत होता आणि बोटांची पेरं पांढरी पडत होती. घरापाशी पोहोचले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. दार उघडं होतं, विझलेल्या चुलीवर भांडं करपलं होतं आणि घरात कुणी नव्हतं. भावजय अजून नवऱ्याला शोधतच होती. खालच्या ओढ्याकडून तिच्या हाका ऐकू येत होत्या. चुकीच्या बाजूने.

तेवढ्यात वरून बार ऐकू आला.

दोघेही होते तिथे थिजले. मग तिने कान टवकारले. माणसाची किंकाळी नाही. वारा, आणि पानांची सळसळ.

"वर," मिस्त्री म्हणाले, आणि तिच्या आधी चढायला लागले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा तो माणूस, एक पाय ओढत, झाडांना धरत धरत असा चढला की ती मागे पडली. ती हाका मारत होती. वारा समोरून येत होता आणि हाका तिच्याच तोंडावर परत फेकत होता. दुसरा बार झाला. त्याच्यामागे एक विचित्र फुसकारा आला, तव्यावर पाणी पडल्यासारखा. तिने आयुष्यभर बार ऐकले होते. असा आवाज रायफलीतून यायला नको होता.

बागेच्या टोकाला, दगडी बांधाला टेकून भाऊ उभा होता. समोर झुडपांची जाळी हलत होती. जखमी डुक्कर आत शिरलेलं. त्याने बोल्ट मागे ओढला, पुढे सारला. रायफल खांद्याला लागली, गाल दस्त्यावर टेकला.

ती अजून तीस पावलं खाली होती. मिस्त्री बांधाच्या कडेने वर आले आणि सरळ चालत जाऊन नळीसमोर उभे राहिले. झुडपाकडे पाठ करून, हात खाली सोडून.

"वेड लागलंय का तुम्हाला?" भाऊ किंचाळला आणि त्याने नळी वर उचलली. "मेला असतात आत्ता!"

"बोल्ट उघड."

"बाबा, मागे डुक्कर आहे!"

"असू दे. उघड."

त्याने बोल्ट उघडला, आणि काडतूस उडून गवतात पडलं. मागच्या झुडपात धडपड झाली, फांद्या मोडल्या आणि आवाज उताराकडे लांब गेला.

ती धापा टाकत वर पोहोचली तेव्हा दोघे समोरासमोर तसेच उभे होते. तिने गवतातून दोन रिकाम्या पुंगळ्या वेचल्या. पहिलीच्या बुडाशी चकचकीत रेघ उमटली होती, पितळ ताणल्याची. दुसरीवर तीच रेघ उलली होती आणि फटीतून काजळी बाहेर आली होती. तिने दोन्ही भावाच्या हातावर ठेवल्या. तो याच दुकानात लहानाचा मोठा झालेला. त्याला सांगावं लागलं नाही. त्याचा हात हळूहळू उजव्या गालाकडे गेला. तिथे डोळ्याखाली काजळीचे बारीक ठिपके उठले होते.

"कोठी मी कोरलेली आहे," मिस्त्री म्हणाले. "तुला सांगितलं नाही."

"नऊ वर्षं," भाऊ म्हणाला. ओरडला नाही, त्यामुळे ते जास्त लागलं. "एक चिठ्ठी टाकता आली नाही तुम्हाला? दोन ओळींची?"

"वाटलं, तू येशील."

भावाने रायफल बहिणीच्या हातात दिली. "घेऊन जा, ताई. आणि यांनाही." तो झाडांमधून घराकडे निघून गेला. ते खाली पोहोचले तेव्हा भावजयीने पाणी दिलं, गुडघ्याला बांधायला फडकं दिलं. भाऊ बाहेर आला नाही.

सोमवारी हवालदार आला तेव्हा टेबलावर मोजणीदाराच्या रायफलीशेजारी कांडी, ते हत्यार, आणखी तीन रायफली आणि भावाच्या दोन पुंगळ्या मांडलेल्या होत्या. तिने जे घडलं तसं लिहिलं होतं. आपण स्वतः चार दिवस गप्प बसलो हेही लिहिलं. मिस्त्रींनी तिच्या सहीखाली सही केली. हवालदाराने कागद वाचला, मग खुर्चीत बसून पुन्हा वाचला.

"मिस्त्री," तो म्हणाला, "माझ्या वडिलांची बंदूक तुम्हीच बघायचात." मग त्याने कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

दुकानाला सील लागलं. खटला सव्वा वर्ष चालला. वय बघून मिस्त्रींना तुरुंगात धाडलं नाही, पण त्यांच्या हातात पुन्हा कधी हत्यार दिसणार नाही असं लेखी घेतलं. निकालाच्या दिवशी मोजणीदार कोर्टात आला होता, डोळ्यावर काळी पट्टी, गाल एका बाजूला ओढलेला. मिस्त्री त्याच्यासमोर हात जोडून उभे राहिले. त्याने त्यांना शिव्या दिल्या नाहीत. "मी नळीवरचा आकडा दोनदा वाचला होता," एवढंच तो म्हणाला, शब्द सांभाळत, आणि निघून गेला. मिस्त्री त्यानंतर माडीवरून फारसे उतरले नाहीत. लाकूडही घासत नसत. भाऊ महिन्यातून एकदा येऊन खाली बहिणीशी बोलून जाई.

राहिली होती ठेकेदाराची रायफल. पोलिसांनी पत्रकं छापली, आणि ती पत्रकं घेऊन ती शहराशहरांतून काडतुसांची दुकानं फिरू लागली. रायफलीची बनावट, नळीवरचा आकडा, आणि खाली मोठ्या अक्षरांत: या रायफलीत हे काडतूस घालू नका. बहुतेक दुकानदार पत्रक काचेला चिकटवत, चहा विचारत. दीड वर्षात कुणाला काही माहीत नव्हतं.

एका दुपारी ट्रकांच्या अड्ड्यालगतच्या दुकानात ती शिरली. दुकानदार जाडजूड, घामेजलेला. त्याने पत्रक घेतलं, सावकाश वाचलं आणि काउंटरवर उलटं ठेवलं.

"परवान्याशिवाय आम्ही कुणाला देत नाही," तो म्हणाला. तिने विचारलं नव्हतं.

"नसालच देत. लावा तेवढं काचेला."

ती दारापर्यंत गेली.

"बाई, तिचा पट्टा लाल आहे का?"

ती वळली. पट्टा कुणीही बदलतो, म्हणून पत्रकात त्याचा उल्लेखच केला नव्हता.

"कधी आला होता?" तिने विचारलं.

दुकानदाराने कपाळ पुसलं. "काल. ह्याच काडतुसांचा एक डबा नेला. पोराला शिकवायचंय म्हणाला, आज सुट्टी आहे त्याला."

"नंबर आहे?"

तो फोन काढून नावं शोधू लागला. बोटं घामाने पडद्यावरून घसरत होती. सापडलं, त्याने लावला, आणि फोन दोघांच्या मध्ये काउंटरवर ठेवला. घंटी वाजत राहिली. थांबली. त्याने पुन्हा लावला.